चरबी साठते कशी, सुटते कशी आणि कुठे बिनसते : मेदाच्या चयापचयावर चर्चा

पेशीजाल

चरबीवर बोलणे निघाले की सगळे वजनाच्या काट्यापाशी येऊन थांबते. शरीराला मात्र वेगळाच हिशेब सांभाळावा लागतो: रक्तात कोणत्याही क्षणी किती मेद फिरू द्यायचा आणि उरलेला कुठे ठेवायचा. या धाग्यात तो हिशेब नीट मांडू या. सुरुवात मी करतो, प्रत्येकाने आपापल्या भागाची भर घालावी.

रक्तातले ट्रायग्लिसराइड (तीन मेदाम्ले जोडलेला मेद; शरीरात चरबी याच रूपात फिरते आणि साठते) 100 मिग्रॅ/डेसिली असेल आणि प्लाझ्मा साधारण 3 लिटर धरला, तर संपूर्ण रक्ताभिसरणात एका वेळी असतात जेमतेम 3 ग्रॅम. एका भरपेट जेवणातून मात्र 30-40 ग्रॅम स्निग्ध पदार्थ आत येतात. म्हणजे दहापट माल त्या अरुंद वाटेने काही तासांत न तुंबता गेला पाहिजे. तो जातो, कारण मेदपेशी तो झपाट्याने उचलतात. त्यांनी उचलणे कमी केले, की तोच मेद यकृत, स्नायू आणि स्वादुपिंडात शिरतो. माझे म्हणणे एवढेच आहे: मेदाचे बहुतेक आजार चरबी 'जास्त' झाल्यामुळे होत नाहीत. योग्य जागी साठवण्याची क्षमता संपल्यामुळे ते होतात.

आधी निरोगी शरीरातला क्रम. पित्तक्षारांमुळे मेदाचे बारीक थेंब होतात, स्वादुपिंडाचा लायपेज हा विकर (एन्झाइम) कोलायपेज या मदतनीस प्रथिनासह ट्रायग्लिसराइडमधली दोन मेदाम्ले तोडतो आणि उरतो मोनोग्लिसराइड. हे सारे मिसेल या पित्तक्षारांच्या सूक्ष्म गोळ्यांतून आतड्याच्या पेशीत जाते. तिथे पुन्हा जोडणी होऊन ट्रायग्लिसराइड बनते आणि अपो-बी48 या प्रथिनासह कायलोमायक्रॉन या मेदवाहक कणाच्या रूपात लसिकावाहिनीत उतरते. यकृताला वळसा घालून ते थेट मोठ्या रक्तप्रवाहात येते. मध्यम लांबीची मेदाम्ले तेवढी या वाटेने न जाता सरळ प्रतिहारी शिरेतून (आतड्याकडून यकृताकडे जाणारी शीर) यकृतात जातात. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे उपचारात लागेल.

उपाशी अवस्थेत उलटा प्रवास होतो. मेदपेशीत तीन विकर ओळीने काम करतात: एटीजीएल पहिले मेदाम्ल सोडतो, एचएसएल दुसरे, एमजीएल तिसरे. ॲड्रेनॅलिनमुळे पेशीतला सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढला की हे सुरू होते. इन्सुलिन पीडीई3बी या विकराकरवी तोच सायक्लिक एएमपी मोडून टाकते आणि काम थांबते. स्नायूत ग्लुकोज ढकलायला जेवढे इन्सुलिन लागते, त्याच्या थोड्याशा अंशातच चरबी सुटणे थांबते. कीटोॲसिडोसिस (चरबीपासून बनलेली कीटोन आम्ले रक्तात साठणे) मुख्यतः इन्सुलिनचा जवळजवळ पूर्ण अभाव असलेल्यांना होतो आणि टाइप 2 मधुमेहाच्या बहुतेकांना होत नाही, त्याचे कारण इथेच आहे.

---

लसिका

छान सुरुवात. 'मेदपेशी उचलतात' या दोन शब्दांत बरेच दडले आहे, ते उलगडते.

कायलोमायक्रॉन आख्खा पेशीत शिरत नाही. केशवाहिनीच्या आतल्या भिंतीवर लायपोप्रोटीन लायपेज, म्हणजे एलपीएल, हा विकर असतो. त्याला मेदपेशी किंवा स्नायूपेशी बनवते, पण भिंतीपार नेऊन तिथे धरून ठेवते ते जीपीआयएचबीपी1 हे प्रथिन. कणावरचे अपो-सी2 हे प्रथिन एलपीएलला चालू करते, अपो-सी3 त्याला रोखते. एलपीएल, जीपीआयएचबीपी1 किंवा अपो-सी2 बिघडले, किंवा अपो-सी3 वाढले, तरी परिणाम एकच: ट्रायग्लिसराइड रक्तात तुंबते.

एलपीएल सगळीकडे एकाच वेळी चालू नसतो, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जेवणानंतर मेदऊतीतला एलपीएल वाढतो, कारण इन्सुलिन त्याला चालना देते. त्याच वेळी एएनजीपीटीएल3 आणि 8 ही प्रथिनांची जोडी स्नायू आणि हृदयातला एलपीएल दाबते. उपाशीपोटी एएनजीपीटीएल4 मेदऊतीतला एलपीएल दाबतो आणि मेद स्नायूंकडे वळतो. त्यामुळे एकच कण जेवणानंतर मेदपेशीकडे जातो आणि उपाशीपोटी हृदयाकडे.

---

अन्वय_र

पेशीजाल, तुमचे विधान मोठे आहे. साठवण क्षमता संपणे हे आजाराचे मूळ कारण आहे आणि निव्वळ सोबत दिसणारी गोष्ट नाही, हे कशावरून? स्थूलतेत सगळ्याच गोष्टी एकत्र बिघडलेल्या असतात.

---

पेशीजाल

प्रश्न रास्त आहे. तीन पुरावे मला निर्णायक वाटतात.

एक, लायपोडिस्ट्रॉफी, म्हणजे चरबीऊतीच नसण्याचा किंवा नाहीशी होण्याचा आजार. जन्मजात सार्वत्रिक प्रकारात त्वचेखाली चरबी जवळपास नसतेच. व्यक्ती सडपातळ, स्नायू उठून दिसणारी. तरीही यकृत मेदाने भरलेले, ट्रायग्लिसराइड हजारांत आणि मधुमेह इतका हट्टी की इन्सुलिनचे प्रचंड डोस लागतात. स्थूलतेत दिसणारा बिघाड इथे चरबीपेशी नसल्यामुळे होतो.

दोन, लायपोसक्शन. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्थूल स्त्रियांच्या पोटावरची सुमारे 10 किलो त्वचेखालची चरबी काढली. इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला नाही. तेवढीच चरबी आहार कमी करून उतरली असती तर तो नक्की सुधारला असता, कारण आहाराने यकृत आणि स्नायूंतली चरबीही उतरते. लायपोसक्शनने फक्त कोठार लहान झाले.

तीन, पायोग्लिटाझोन. मधुमेहाचे हे औषध पेशीतला पीपीएआर-गॅमा हा ग्राहक चालू करून नव्या मेदपेशी तयार करवते. वजन दोन-चार किलो वाढते आणि यकृतातली चरबी मात्र घटते, साखरही सुधारते. पाणी साठणे, हृदय निकामी असलेल्यांना धोका, हाडे ठिसूळ होणे हे त्याचे दोष आहेतच, ते कुणी विसरू नये. पण कार्यकारणाच्या दृष्टीने याहून स्पष्ट प्रयोग मिळणे कठीण.

---

अन्वय_र

पायोग्लिटाझोनचा मुद्दा पटला. लायपोडिस्ट्रॉफीत मात्र आणखी एक गोष्ट मिसळलेली आहे: लेप्टिनचा, म्हणजे मेदपेशींनी बनवलेल्या आणि भूक आवरणाऱ्या संप्रेरकाचा, अभाव. मेदपेशीच नाहीत, म्हणून लेप्टिन नाही, म्हणून भूक अनावर, म्हणून जास्त खाणे. मेट्रेलेप्टिन (औषध म्हणून बनवलेले लेप्टिन) दिले की ट्रायग्लिसराइड आणि यकृताची चरबी दोन्ही उतरतात, साठवायला जागा तेवढीच असून. म्हणजे आवक किती, हाही अर्धा हिशेब आहे.

लेप्टिनचे जनुक 1994 मध्ये सापडले तेव्हा स्थूलतेवर औषध मिळाल्यासारखे वाटले होते. पण सर्वसाधारण स्थूलतेत लेप्टिन आधीच भरपूर असते, वरून दिल्याने फारसे काही होत नाही. त्याचे खरे काम उलट दिशेचे आहे. ते खाली आले की मेंदू उपासमार समजतो: भूक वाढते, थायरॉइड मंदावते, पाळी थांबू शकते. वजन उतरवलेल्या माणसाला महिनोन्महिने भूक छळते, त्यामागे ही यंत्रणा मोठ्या प्रमाणात असते. त्याला 'मनोनिग्रह नाही' म्हणणे अन्यायाचे आहे.

---

यकृतिका

फॅटी लिव्हरकडे येते. एक समज सगळीकडे दिसतो: पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी प्रतिहारी शिरेतून थेट यकृतात ओतली जाते, म्हणून फॅटी लिव्हर. हे पुरते खरे नाही. प्रतिहारी शिरेतल्या मुक्त मेदाम्लांत पोटाच्या आतल्या चरबीचा वाटा सडपातळ व्यक्तींत अगदी थोडा आणि बऱ्याच स्थूल व्यक्तींतही साधारण पाव हिश्शाच्या आसपासच असतो. उरलेला माल धडाच्या वरच्या भागातल्या त्वचेखालच्या चरबीतून येतो. पोटाचा घेर ही खूण उपयोगी आहेच, पण आतली चरबी मुख्यतः 'बाहेरची साठवण भरली' हे सांगते.

यकृतातला मेद येतो कुठून, हे 2005 च्या समस्थानिक वापरून केलेल्या अभ्यासाने मोजले. फॅटी लिव्हर असलेल्यांत सुमारे 59% रक्तातल्या मुक्त मेदाम्लांतून, 26% यकृताने कर्बोदकांपासून स्वतः बनवलेला आणि 15% थेट आहारातल्या स्निग्ध पदार्थांतून. निरोगी उपाशी माणसात यकृताने बनवलेल्याचा वाटा 5 टक्क्यांच्याही खाली असतो. 'तेल-तूप बंद केले तरी लिव्हरची चरबी का उतरत नाही' याचे उत्तर या आकड्यांत आहे. साखर, विशेषतः पेयांतून येणारी फ्रुक्टोज, आणि एकूण जादा उष्मांक बंद झालेले नसतात.

आणि इथे एक विचित्र गोष्ट घडते. इन्सुलिनरोधात, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नसताना, यकृत इन्सुलिनचे निम्मेच ऐकते. ग्लुकोज बनवणे थांबव, हा निरोप ऐकू येत नाही. मेद बनव, हा निरोप मात्र एसआरईबीपी-1सी या मेदनिर्मिती चालू करणाऱ्या प्रथिनामार्गे पोहोचत राहतो. परिणामी साखरही जास्त आणि मेदनिर्मितीही जास्त. तो मेद व्हीएलडीएल कणांत भरून रक्तात पाठवला जातो. म्हणून ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली आणि एलडीएलचे कण लहान व घट्ट, हे तिघे जवळपास नेहमी एकत्र दिसतात.

मद्याचा मार्ग वेगळा. मद्य जळताना यकृतपेशीत एनएडीएच या रेणूचे प्रमाण वाढते, त्याने मेदाम्लांचे ज्वलन अडते आणि तीच मेदाम्ले ट्रायग्लिसराइडमध्ये जातात. दोन्ही कारणे एकाच माणसात असतील तर नुकसान बेरजेपेक्षा जास्त होते.

---

नमुना_कक्ष

प्रयोगशाळेच्या बाजूने लिहितो.

बहुतेक अहवालांतला एलडीएल मोजलेला नसतो, काढलेला असतो: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. हे 1972 चे फ्रीडवाल्ड सूत्र. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेले की ते वापरायचेच नसते आणि 200 च्या पुढेच ते एलडीएल कमी दाखवू लागते. उदाहरण घ्या. एकूण 230, एचडीएल 38, ट्रायग्लिसराइड 380. सूत्राने एलडीएल येतो 230 − 38 − 76 = 116. वाचणारा निश्चिंत होतो. पण 230 मधून फक्त एचडीएल वजा करा: 192. हा नॉन-एचडीएल, म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या सगळ्या कणांतले कोलेस्टेरॉल. त्याला जास्तीची चाचणी लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि उपाशी राहावेही लागत नाही. शक्य असेल तिथे अपो-बी या कणावरच्या प्रथिनाची चाचणी करून घ्यावी. व्हीएलडीएल असो वा एलडीएल, प्रत्येक कणावर अपो-बी एकच असते, त्यामुळे कणांची संख्याच कळते.

नुसत्या चाळणीसाठी जेवणानंतरचा नमुनाही चालतो. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर आले तर मात्र 9 ते 12 तास उपाशी राहून पुन्हा करावे.

नळीतला सीरम दुधाळ दिसला तर एक जुनी, बिनखर्चाची तपासणी आहे. तो 4 अंश सेल्सियसवर रात्रभर न हलवता उभा ठेवा. सकाळी वर सायीचा पांढरा थर आणि खाली स्वच्छ द्रव, तर तुंबलेत ते कायलोमायक्रॉन. साय नाही आणि सगळेच गढूळ, तर व्हीएलडीएल. साय आणि खाली गढूळपणाही, तर दोन्ही. अशा नमुन्यात सोडियम खोटे कमी येऊ शकते आणि स्वादुपिंडदाह असूनही अमायलेज सामान्य येऊ शकते. 'दुधाळ नमुना' हा शेरा अहवालावर लिहायलाच हवा. तो गाळला जातो आणि पुढचा डॉक्टर नसलेल्या सोडियमच्या कमतरतेवर उपचार करत बसतो.

---

लसिका

नमुना_कक्ष यांच्या दुधाळ नळीवरून पुढे जाते, कारण इथे वेळ गमावून चालत नाही.

ट्रायग्लिसराइड 500 च्या आसपास गेले की एलपीएल हळूहळू पुरा पडेनासा होतो. कायलोमायक्रॉन आणि व्हीएलडीएल त्याच विकरासाठी रांगेत असतात. त्यामुळे पुढचे प्रत्येक स्निग्ध जेवण आकडा उडी मारून वाढवते. 1000 च्या वर स्वादुपिंडदाहाचा धोका खरा होतो. स्वादुपिंडाच्या केशवाहिन्यांत त्याचाच लायपेज या कणांतून मेदाम्ले सोडतो आणि ती पेशी जाळतात. पोटात वरच्या बाजूला, पाठीत जाणारी जोरदार वेदना आणि उलट्या असतील तर आधी रुग्णालय.

दाह नसताना आकडा 1000 च्या वर असेल, तर औषधाच्या आधी आहार. काही दिवस एकूण स्निग्ध पदार्थ दिवसाला 15-20 ग्रॅमपर्यंत खाली. 'चांगले' तेलही यात मोजायचे, कारण ऑलिव्ह असो की शेंगदाणा, कायलोमायक्रॉन दोन्हींतून सारखाच बनतो. अडलेल्या विकराला तेलाची जात कळत नाही. मद्य पूर्ण बंद. साखर आणि गोड पेये बंद. मग मागचे कारण शोधायचे: अनियंत्रित मधुमेह, थायरॉइड मंदावणे, मूत्रपिंडातून प्रथिने जाणे, गर्भारपण. औषधांत तोंडावाटे इस्ट्रोजेन, स्टेरॉइड, मुरुमांसाठीचे आयसोट्रेटिनॉइन, ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही नावे आधी तपासावीत.

काही थोड्यांना, दहा लाखांत एक-दोघांना, एलपीएल किंवा त्याचा साथीदारच जन्मतः सदोष असतो. त्यांना फायब्रेट या ट्रायग्लिसराइड उतरवणाऱ्या औषधांचा फारसा उपयोग होत नाही, कारण ज्याला जोर द्यायचा तो विकरच नसतो. आयुष्यभर कमी स्निग्ध आहार, स्वयंपाकाला मध्यम लांबीच्या मेदाम्लांचे तेल (पेशीजाल यांनी वर सांगितलेली यकृताची थेट वाट इथे कामी येते), सोबत अत्यावश्यक मेदाम्ले आणि अ, ड, ई, के जीवनसत्त्वांवर लक्ष. अपो-सी3 ची निर्मिती रोखणारे ओलेझार्सेन अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये मंजूर झाले. या रुग्णांसाठी ती मोठी गोष्ट आहे.

---

मायटो

मेद जळण्याची बाजू राहिली. लांब मेदाम्लांना मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, शिरायला कार्निटीन हा वाहक आणि सीपीटी1 हा विकर लागतो. पेशीत मेद *बनत* असताना मॅलोनिल-कोए हा मधला रेणू तयार होतो आणि तोच सीपीटी1 ला अडवतो, म्हणजे बनवणे आणि जाळणे एकाच पेशीत एकदम जोरात चालत नाही. ऊर्जा कमी पडली की एएमपीके हा विकर मॅलोनिल-कोए बनवणे थांबवतो आणि वाट मोकळी होते. आत गेलेल्या 16 कार्बनच्या पामिटेटचे सात फेऱ्यांत आठ ॲसिटिल-कोए (दोन कार्बनचे तुकडे) होतात आणि ते पुरते जळून निव्वळ 106 एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन) मिळतात.

उपास लांबला की यकृत या ॲसिटिल-कोएपासून कीटोन बनवते. ते स्वतः मात्र ते वापरू शकत नाही, त्यासाठीचा विकर त्याच्याकडे नाही. म्हणून सगळे मेंदू, हृदय आणि स्नायूंना जाते. रात्रभराच्या उपासानंतर रक्तात लिटरमागे 0.1 ते 0.3 मिलिमोल, अनेक दिवसांच्या उपासात 5 ते 7. निरोगी माणसात वाढते कीटोन स्वादुपिंडाकडून थोडे इन्सुलिन सोडवून घेतात आणि चरबी सुटण्याला लगाम बसतो. टाइप 1 मध्ये तो लगामच नसतो.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट ठळक लिहितो. ताप-उलट्यांत खाणे थांबलेले बाळ गळून गेले, साखर खूप कमी आणि कीटोनही *कमी*, ही जोडी दिसली तर मेदाम्ल ज्वलनाचा जन्मजात दोष डोक्यात आलाच पाहिजे, सर्वांत आधी एमसीएडी या मध्यम लांबीची मेदाम्ले जाळणाऱ्या विकराची कमतरता. साध्या उपासमारीत साखर कमी असताना कीटोन जास्त असायला हवेत. ताबडतोब शिरेतून ग्लुकोज द्यायचे, ॲसिलकार्निटीनच्या (हा दोष ओळखणाऱ्या) चाचणीसाठी रक्ताचा नमुना त्याच वेळी घ्यायचा. निदान झालेल्या बाळाला पुढे लांब उपाशी ठेवायचे नाही आणि मध्यम लांबीच्या मेदाम्लांचे तेल द्यायचे नाही. लसिका यांच्या रुग्णांना जे औषध, तेच या बाळांना घातक.

---

नमुना_कक्ष

मायटो, कीटोनच्या मोजणीबद्दल पुरवणी. कीटोनचे मुख्य प्रकार दोन. लघवीची पट्टी ॲसिटोॲसिटेट ओळखते, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट ओळखत नाही. कीटोॲसिडोसिसमध्ये दुसरेच जास्त असते, ॲसिटोॲसिटेटच्या तिप्पट ते दहापट. त्यामुळे सुरुवातीला पट्टी आजार सौम्य दाखवू शकते. उपचार सुरू झाल्यावर बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेटचे ॲसिटोॲसिटेट होते आणि माणूस सुधारत असताना पट्टी गडद होते. म्हणून रक्तातले कीटोन मोजावेत. लिटरमागे 0.6 मिलिमोलच्या खाली ठीक, 3 किंवा वर गेले की तातडीचे.

---

अन्वय_र

आणि साखर खाली आली म्हणून इन्सुलिन बंद करायचे नाही. साखर 250 च्या खाली उतरली की सलाइनमध्ये डेक्स्ट्रोज जोडून इन्सुलिन चालूच ठेवतात, कारण थांबवायची असते चरबीची सुटका. एसजीएलटी2 गटाच्या (लघवीतून साखर काढणाऱ्या मधुमेहाच्या) गोळ्यांवर तर साखर 200 च्या आत असतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. मोठ्या शस्त्रक्रियेआधी किमान 3 दिवस (अर्टुग्लिफ्लोझिन असेल तर 4) त्या बंद ठेवतात, आणि आजारपणात खाणे थांबले तरीही डॉक्टरांशी बोलून थांबवायच्या असतात.

---

चालता_बोलता

व्यायामाच्या यंत्रांवर 'फॅट बर्निंग झोन' लिहिलेला असतो, त्याबद्दल थोडक्यात. मध्यम श्रमात, साधारण कमाल प्राणवायू क्षमतेच्या 45 ते 65 टक्क्यांवर, मिनिटाला जळणारा मेद सर्वाधिक असतो. पण व्यायामात काय जळले यावर दिवसाअखेरची शिल्लक ठरत नाही. तासभर मेद जाळला आणि नंतर जादा खाल्ले तर तो परत जागेवर. व्यायामाचा मोठा फायदा दुसरा आहे: वजन न उतरताही स्नायूंचा इन्सुलिनला प्रतिसाद सुधारतो आणि यकृतातली चरबी काही प्रमाणात घटते.

जळलेली चरबी घामातून जात नाही. 10 किलो चरबीतून सुमारे 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड म्हणून श्वासातून आणि 1.6 किलो पाणी म्हणून बाहेर पडते.

---

यकृतिका

वजन किती उतरवावे, हा प्रश्न फॅटी लिव्हरच्या प्रत्येक रुग्णाचा असतो. शरीराच्या 5% वजन उतरले की यकृतातली चरबी घटते, 7 ते 10 टक्क्यांवर दाह कमी होतो, 10% किंवा जास्त उतरले तर यकृतातला व्रणही (फायब्रोसिस, म्हणजे दाहानंतर उरणारे घट्ट धागे) मागे हटू शकतो. 80 किलोच्या माणसासाठी हे आकडे 4, 5.6 आणि 8 किलो. घाई नको. आठवड्याला दीड किलोपेक्षा वेगाने उतरवले तर पित्तात कोलेस्टेरॉल दाटते आणि खडे होतात. अगदी कमी उष्मांकाच्या आहारातही दिवसातून एका जेवणात 7 ते 10 ग्रॅम स्निग्ध पदार्थ ठेवावेत, म्हणजे पित्ताशय आकुंचन पावून रिकामे होते.

सोनोग्राफीतल्या 'ग्रेड 1, ग्रेड 2' वर लोक फार घाबरतात किंवा फार निश्चिंत होतात. ती चरबी सांगते. पुढे काय होणार हे व्रणावर ठरते, आणि व्रणाचा अंदाज साध्या रक्ततपासणीतून येतो. फिब-4 हा निर्देशांक काढा (एएसटी आणि एएलटी हे रक्तात मोजले जाणारे यकृताचे विकर): वय गुणिले एएसटी, भागिले (प्लेटलेट गुणिले एएलटीचे वर्गमूळ). वय 52, एएसटी 48, एएलटी 64, प्लेटलेट 2,10,000. वर 52 × 48 = 2496. खाली 210 × 8 = 1680. उत्तर 1.49. 1.3 च्या खाली असते तर एक ते तीन वर्षांनी पुन्हा पाहिले असते. 2.67 च्या वर असते तर थेट यकृततज्ज्ञ. मधे आले, म्हणून फायब्रोस्कॅन (यकृताचा ताठरपणा मोजणारी चाचणी), आणि तो 8 किलोपास्कलच्या खाली आला तर गंभीर व्रण बहुधा नाही.

---

नमुना_कक्ष

यात प्लेटलेट हजारांत घालायचे, 2,10,000 साठी 210. काही अहवालांत ते लाखांत छापतात, '2.1'. तोच आकडा उचलून घातला तर उत्तर शंभरपट येते. वय 35 च्या खाली हे सूत्र भरवशाचे नाही आणि 65 च्या पुढे खालची सीमा 1.3 ऐवजी 2.0 धरतात. ताप किंवा डेंग्यूत प्लेटलेट उतरलेले असताना काढलेला फिब-4 धरू नये, बरे झाल्यावर पुन्हा काढावा.